शोध बाकी

सोनकांबळे सरांच्या जलदानविधीला मी नांदेडला गेलो होतो. भाड्याचा हॉल, पांढऱ्या कपड्यातली माणसं, समोर बुद्धाची मूर्ती आणि शेजारी हार घातलेला सरांचा फोटो. फोटोत सरांच्या अंगात कोट होता. सरांनी आयुष्यात कोट घातला नाही. तो फोटोवाल्याने चढवलेला होता. वंदना झाल्यावर लोक एकेक करून माइकपाशी आले. त्यांच्या कॉलेजचे निवृत्त प्राचार्य बोलले, त्यांच्या हाताखाली शिकून मोठे झालेले दोन हिशेबतपासनीस बोलले. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं. सरांनी कधी आवाज चढवला नाही, कधी कुणाला दुखवलं नाही.

मी शेवटच्या रांगेत बसलो होतो आणि मला राग येत होता. सरांनी आवाज चढवला नाही हे खरंच आहे. माझी तक्रार तीच आहे. पण ती माइकवर सांगण्यासारखी नव्हती, आणि मला कुणी बोलायला बोलावलंही नाही. जेवणाच्या वेळी प्रज्ञा, म्हणजे सरांची एकुलती मुलगी, ताट घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

मी म्हणालो, माझं लांबतं. ते लांबणारं आता इथे लिहून काढतो.

माझा लातूरला बारदान्याचा धंदा आहे. बारदाना म्हणजे धान्य भरायची पोती. सोयाबीन पिको, तूर पिको, पोत्यात भरल्याशिवाय बाजारात येत नाही, एवढी अक्कल मला लवकर आली. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. फाटकी पोती दोन-दोन रुपयांना उचलायची, घरी आईने दाभण-सुतळीने शिवायची आणि मी ती विकायची, असं आमचं चालायचं. सकाळी पोती, दुपारी कॉलेज. तिथे अकरावीला सोनकांबळे सर आम्हाला पुस्तपालन शिकवायचे. अंगाने बारीक, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला एक निळा पेन आणि एक लाल शिसपेन्सिल. पेन हरवला तर दुसरा घ्यायचे. पेन्सिल मात्र बोटात धरता येईनाशी होईपर्यंत टाकायचे नाहीत.

त्यांच्या वर्गात खोडरबर चालत नव्हतं. कुणाच्या बाकावर दिसलं की सर ते उचलून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. चुकलं तर एक रेघ मारायची. एकच, आणि तीही अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा, आणि ज्याची चूक त्याने शेजारी सही करायची. "चूक झाकली की ती दुसऱ्याच्या नावावर जाते," असं ते म्हणायचे. आम्ही सोळा वर्षांची पोरं, आम्हाला सही कुठली असायला? माझी सही मी सरांच्या वर्गात चुकांच्या शेजारी करून करूनच बसवली. आज चेकवर करतो ती तीच.

वर्षाच्या शेवटी सर तो डबा टेबलावर उघडा ठेवायचे आणि ज्याचं त्याने घेऊन जा म्हणायचे. कुणी घेत नव्हतं. मग डबा घरी जायचा आणि प्रज्ञा, तेव्हा चार-पाच वर्षांची, त्या खोडरबरांची घरं बांधत बसायची.

बारावीला मी इंग्रजीत उडालो. दुसऱ्यांदाही उडालो. मग कॉलेज सोडलं आणि गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळ एका बोळाच्या तोंडाशी पोती मांडून बसलो. एके दिवशी सर सायकलवरून आले, सायकल स्टँडला लावली आणि तिथेच उभे राहिले. माझं निलंग्याच्या एका माणसाशी चाळीस पोत्यांवरून जुंपलं होतं. तो नऊला मागत होता, मी अकराच्या खाली येत नव्हतो. मी पोती गुंडाळून ठेवली, त्याच्या गावाचा उद्धार केला, तो दोनदा निघून गेला, दोनदा परत आला, आणि शेवटी साडेदहाला सौदा ठरला. तासभर तरी लागला असेल. सर हलले नाहीत. गिऱ्हाईक गेल्यावर पुढे आले.

"शिवलिंग, तुला भाव कळून राहिला. हिशेब नाही कळत."

"म्हणजे काय सर?"

"साडेदहाला विकलं. तुला पडलं कितीला?"

सुतळी मी कधी हिशेबात धरलीच नव्हती. आईच्या मजुरीचं तर मनातही आलं नव्हतं. सर म्हणाले, उद्यापासून पाच वाजता येतो.

त्यांच्या पगाराचं बोलणं मला अजून आठवतं. काय घेणार विचारलं तर म्हणाले, तीनशे. माझ्या तोंडून सवयीने निघालं, दोनशे. सर म्हणाले, "बरं." मी चिडलो. भाव असा होत नसतो. एकाने सांगायचं, दुसऱ्याने पाडायचं, पहिल्याने उठून जायचं नाटक करायचं आणि मध्ये कुठेतरी भेटायचं. समोरचा नुसता बरं म्हणाला की मला फसवल्यासारखं वाटतं. मी म्हणालो, सर, अडीचशे तरी म्हणा. ते म्हणाले, "तू दोनशे म्हणून राहिलास ना?" शेवटी दोन्हीकडून मीच भाव केला आणि तीनशेवर आणून ठेवला.

ते सगळीकडेच तसे होते. भाजीवाली पहिला भाव सांगायची आणि सर पैसे काढायचे. त्या बायकांनाच अवघडल्यासारखं व्हायचं; त्या वरून मूठभर मिरच्या टाकायच्या. असल्या माणसांमुळे बाजार बिघडतो, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. म्हणून मोठी खरेदी असली की सरांच्या बायको, सुमनताई, मला निरोप पाठवायच्या. प्रज्ञाच्या लग्नात लोखंडी कपाट घ्यायचं होतं. ताई आणि मी दुकानात, सर बाहेर सायकल धरून उभे. मी दोन तास त्या दुकानदाराचा जीव खाल्ला, कपाटाच्या पाठीवरचा पोचा दाखवला, जो मुळात पोचा नव्हता, आणि साडेआठशे रुपये कमी करून घेतले. ताई खूश. आम्ही निघालो तर सर मागे राहिलेले. वळून बघतो तर ते दुकानात जाऊन त्या माणसाला विचारत होते, "तुम्हाला तोटा तर नाही ना झाला?"

ताई म्हणाल्या, "चला शिवाप्पा, नाहीतर हे वरचे साडेआठशे देऊन येतील."

तर आमचं काम. दिवसभर विक्री झाली की मी चिठ्ठी लिहायचो, म्हणजे कुणाला, किती, रोख की उधार. पाचला सर यायचे, चिठ्ठ्यांवरून रोजमेळाच्या वहीत सगळं उतरवायचे, आणि मग ताळा. ताळा म्हणजे मी एकेक चिठ्ठी हातात घेऊन मोठ्याने वाचायची, सरांनी वहीत त्या ओळीवर बोट ठेवायचं, आकडा जुळला की लाल पेन्सिलीने बारीक खूण करायची आणि म्हणायचं, "हं."

तो "हं" लिहून दाखवता येत नाही. जोरात नसायचा, हळूही नसायचा. पंधरा हजाराच्या गठ्ठ्यांना जेवढा तेवढाच चाळीस रुपयांच्या सुतळीला. तो आला की पुढची चिठ्ठी घ्यायची. आला नाही तर थांबायचं, काहीतरी चुकलंय. सरांचा नियम होता, चिठ्ठी हातात नसताना वाचायचं नाही, आठवणीतून तर मुळीच नाही. मी घाईत दोन चिठ्ठ्या एकदम म्हटल्या की ते दुसरीवर गप्प बसायचे, मी हातातली चिठ्ठी दाखवेपर्यंत.

गिऱ्हाइकासमोर ते मला शेठ म्हणायचे, तुम्ही म्हणायचे. ताळ्याला बसलो की शिवलिंग आणि तू. अशी बावीस वर्षं गेली. बोळातली पोती पत्र्याच्या शेडमध्ये आली, शेडचं गोदाम झालं, मुलाने संगणक आणला, सरकारी बिलं त्यावर निघू लागली, पण पाच वाजता लाल पुठ्ठ्याची वही उघडायचीच. सहाला दहा मिनिटं असताना सर चष्मा मिटायचे. घरी ताई चहा टाकून बसलेल्या असतात, म्हणायचे. कितीही काम असो, ते चहाला उशीर करत नव्हते. माझ्या घरी मी किती वाजता येतो हे कुणी विचारत नव्हतं, कारण मी कधीच वेळेवर गेलो नव्हतो. पुढे बायको गेली आणि विचारणारं माणूसच राहिलं नाही.

एका रविवारी काही कामाने सरांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आत बघतो तर सर आणि ताई चटईवर समोरासमोर. सरांच्या हातात किराण्याच्या, भाजीच्या, गिरणीच्या चिठ्ठ्या. वही मात्र ताईंच्या मांडीवर. सर वाचत होते, "मेथी, दोन जुड्या, वीस." ताई वहीत बोट ठेवून म्हणत होत्या, "हं." ताईंचं शिक्षण चौथीपर्यंत, किल्लारीकडच्या खेड्यात झालेलं. एका ठिकाणी त्या थांबल्या. सर बघत राहिले.

"शेंगदाणे परत दिले होते की मी," ताई म्हणाल्या. "खवट निघाले."

"मला नाही सांगितलं."

"तुम्ही विचारलं का?"

सरांनी वही घेतली, एक रेघ मारली, वर आकडा लिहिला आणि शेजारी सही केली. घरच्या वहीत, शेंगदाण्यांसाठी, पूर्ण सही. मग वही परत ताईंच्या मांडीवर दिली. मी दारातूनच मागे फिरलो. काम काय होतं ते आता आठवत नाही. रस्त्याने येताना मला वाटत होतं, दुकानातला तो "हं" मी माझा समजत होतो. तो या घरातून येतो आणि सहाला दहा कमी असताना याच घरी परत जातो.

आता ती गोष्ट.

सात वर्षांपूर्वीची दिवाळीच्या आधीची. सोयाबीन आलेलं, दुकानात उभं राहायला जागा नाही. अहमदपूरचे दोघे गिऱ्हाईक, माझे चार हमाल, बाहेर टेम्पो. तास घालवून बसवलेला एक मोठा सौदा तेवढ्यात मोडला होता आणि माझं डोकं तापलेलं होतं. सरांना त्याच वेळी ताळा हवा होता. रोखीच्या नऊ चिठ्ठ्या. मी वाचल्या, सरांनी नऊ वेळा "हं" म्हटलं. मग गल्ला मोजला तर एकशे ऐंशी रुपये कमी.

परत वाचल्या, परत जुळल्या. गल्ला परत कमी.

सर म्हणाले, "एकशे ऐंशीला नवाने भाग जातो." हे त्यांनी वर्गातही शिकवलं होतं. फरकाला नवाने भाग गेला तर बहुतेक वेळा कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेले असतात. "वही आणि चिठ्ठी तर जुळून राहिली. म्हणजे चिठ्ठीतच बघावं लागंल, शेठ."

चिठ्ठ्या माझ्या हातच्या होत्या. चार माणसांसमोर, गिऱ्हाइकासमोर, चूक माझी निघत होती. मी म्हणालो, "चिठ्ठ्यांचं सोडा. गल्ल्याला दोनच हात लागतात सर. त्यातला एक माझा आहे."

हमाल गठ्ठा उचलता उचलता थांबले. त्यांच्यासारख्या माणसाला, त्यांच्या समाजातून शिकून वर आलेल्या माणसाला, हा शब्द इतरांपेक्षा किती खोल लागत असेल हे मला त्या क्षणी कळत होतं की नव्हतं, याचं उत्तर मी अजून स्वतःलाही दिलेलं नाही.

सरांनी लाल पेन्सिल घेतली आणि पानाच्या तळाशी लिहिलं, "तूट १८०. शोध बाकी." फरक सापडला नाही की ते नेहमी तसंच लिहायचे. बावीस वर्षांत असे पाच-सात फरक पडले असतील, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन दिवसांत त्यांनी तो शोधून त्या शब्दांवर एक रेघ मारली होती. सही केली, वही मिटली, पेन्सिल गल्ल्याशेजारच्या खाचेत ठेवली, चष्मा मिटला.

"निघतो शेठ. पान पूर्ण झालं."

दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यामुळे शेठ म्हणाले यात मला काही वेगळं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी पाच वाजले, साडेपाच वाजले. तिसऱ्या दिवशी सकाळी सुमनताई आल्या आणि दुकानाची किल्ली गल्ल्यावर ठेवली.

"ते येत नाहीत आता."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही म्हणाले. दोन दिवस झाले, जेवतात, झोपतात. मला न सांगण्यासारखं त्यांच्याकडं कधी काही नव्हतं." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "काय केलं हो तुम्ही, शिवाप्पा?"

मी ताईंनाही सांगितलं नाही.

इथे माझी तक्रार सुरू होते आणि ती मी मागे घेतलेली नाही. मी बोललो ते वाईट होतं. पण माझ्या धंद्यात तोंडातून पहिला निघतो तो आकडा शेवटचा नसतो. मी काहीच्या बाही भाव सांगितला होता. त्यांनी उलटा सांगायचा होता. म्हणायचं होतं, शिवलिंग, तोंड सांभाळ. माझा कान धरायचा होता चार हमालांसमोर. बावीस वर्षांनी एवढा तरी माझा हक्क होता. मग मी उठलो असतो, ओरडलो असतो, तेही ओरडले असते, चहा आला असता, आणि सहाला दहा कमी असताना आम्ही कुठेतरी मध्ये भेटलो असतो. त्यांनी पहिला भाव ऐकला आणि बरं म्हणून निघून गेले. भाजीवालीसमोर करायचे तसं.

आठव्या दिवशी उदगीरचा व्यापारी परत पोती न्यायला आला. मागच्याच भावाने द्या म्हणाला आणि खिशातली टिपणवही काढून दाखवली. मागच्या वेळी त्याने रोख दिले होते एक हजार सहाशे ऐंशी. तो गेल्यावर मी त्या दिवसाच्या चिठ्ठ्या काढल्या. तिसरी चिठ्ठी, उदगीर, रोख, माझ्या अक्षरात: एक हजार आठशे साठ. सहा आणि आठ उलटे.

ती चिठ्ठी मी पाकिटात घातली. संध्याकाळी सरांकडे जायचं ठरवलं. संध्याकाळी वाटलं, उद्या. उद्या वाटलं, जाऊन म्हणायचं काय? मोठ्या सौद्यांत माझी जीभ कधी अडली नाही, पण इथे पहिला आकडाच सुचेना. तीनदा स्कूटर त्यांच्या गल्लीतून नेली. एकदा ताई अंगणात नळावर होत्या. "या की," म्हणाल्या. मी घाईत आहे म्हणालो. मोकळ्या रस्त्यावर, दुपारी चार वाजता, मी घाईत होतो.

दीड वर्षाने ताई गेल्या. मी माल बघायला रायचूरला होतो. कळलं तिसऱ्या दिवशी. पोचलो तर दाराला कुलूप. शेजाऱ्याने सांगितलं, मुलगी नांदेडला घेऊन गेली. पायरीवर सायकल तशीच होती, साखळीने खिडकीच्या गजाला बांधलेली. मी थोडा वेळ त्या पायरीवर बसलो. शेजारी विचारत होता पाणी देऊ का.

दुकानात आता वही नाही. मुलगा बटण दाबतो आणि संगणक आपोआप जुळवून टाकतो. चिठ्ठी मी अजून लिहितो. पाच वाजता एखादी हातात आली की तोंडातून निघून जातं, "चाकूर, उधार, चार हजार दोनशे." मुलगा कानातला इअरफोन काढून विचारतो, "मला काही म्हणालात का आप्पा?" मी नाही म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात प्रज्ञाचा फोन आला. सरांना झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला, बोलणं गेलं. "फक्त हं म्हणतात, काका. मी भाजीचे भाव वाचून दाखवते तेव्हा. डॉक्टर म्हणाले ओळखीचं काही हातात द्या. दुकानाची जुनी वही असेल तर आणाल का?"

गुरुवारी दुकानाला सुट्टी टाकली आणि एसटीने निघालो. मांडीवर लाल पुठ्ठ्याची वही, पाकिटात चिठ्ठी. अहमदपूरला चहा घेतला, लोह्याला उतरून पाय मोकळे केले. रस्ताभर मी दोन्हीकडून बोलत होतो. मी असं म्हणेन, ते तसं म्हणतील, मग मी एक पायरी खाली येईन. जो माणूस बोलू शकत नाही त्याच्याशी सौदा ठरवत होतो.

प्रज्ञाचं घर दुसऱ्या मजल्यावर. खिडकीत तो बिस्किटाचा डबा होता, आता त्यात गोळ्यांची पाकिटं. सर खुर्चीत. स्वेटर, मफलर, उजवा हात उशीवर ठेवलेला, परक्याचा ठेवावा तसा. माझ्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मग वहीकडे बघितलं, आणि वहीला नक्कीच ओळखलं. डावा हात पुढे आला.

प्रज्ञा चहा टाकायला आत गेली. मी एसटीत ठरवलेलं सगळं विसरलो आणि नुसता भांडलो. म्हणालो, सर, तुम्ही मला शिवी द्यायला पाहिजे होती. तुम्ही ताईंनासुद्धा सांगितलं नाही. सात वर्षं मी काय करायचं होतं? सर वहीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होते. तक्रारीला आकडा नसतो. त्यावर ते काय करणार?

मग मी ते पान उघडलं आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली. नऊ चिठ्ठ्यांपैकी एकच माझ्याजवळ होती. मी त्यांचं बोट धरून तिसऱ्या ओळीवर ठेवलं. पाकिटातली चिठ्ठी काढून हातात धरली. ती घड्यांवर फाटत आली होती.

"उदगीर, रोख, एक हजार सहाशे ऐंशी."

सर गप्प.

मी परत म्हणालो. जरा मोठ्याने. ते गप्पच. डोळे वहीत. वहीत आठशे साठ होते, आणि आयुष्यात त्यांनी न जुळणाऱ्या आकड्यावर "हं" म्हटलेलं नव्हतं.

"चिठ्ठी चुकली होती, सर," मी म्हणालो. "मी लिहिलेली. आकडे उलटे पडले. मला आठव्या दिवशीच कळलं होतं."

खिशात लाल पेन्सिल होती. निघताना खाचेतून घेतली होती. त्यांच्या मांडीवरच, वाकून, मी त्या आकड्यावर एक रेघ मारली. खालचं वाचता येईल अशी. वर सहाशे ऐंशी लिहिले. शेजारी सही केली. सही जमली. ती अशाच जागी शिकलेली होती.

सरांनी रेघेवरून बोट नेलं, वरच्या आकड्यावर आणलं, सहीवर आणलं.

"हं."

ती माफी नव्हती. रागही नव्हता. चाळीस रुपयांच्या सुतळीला म्हणायचे तोच होता. मी मान वर केली. सरांचं बोट एक ओळ खाली सरकलं होतं, चौथीवर, आणि ते माझ्याकडे बघत होते.

माझ्याजवळ चौथी चिठ्ठी नव्हती. वहीतून वाचून दाखवता आलं असतं, पण चिठ्ठी हातात नसताना वाचायचं नाही. मी म्हणालो, "बाकीच्या आणतो सर. पुढच्या गुरुवारी."

त्या आठही मला सापडल्या, गोदामाच्या माळ्यावर, सुतळीने बांधलेल्या. बुधवारी दुपारी प्रज्ञाचा फोन आला, सर गेले.

वही मी तिच्याकडेच राहू दिली. पानाच्या तळाशी "शोध बाकी" अजून तसंच आहे. त्यावर रेघ मारायचं काम सरांचं होतं.

वही घेऊन गेलो होतो त्या गुरुवारी मी परतीच्या चारच्या गाडीसाठी निघालो. चप्पल घालताना दारातून मागे बघितलं. प्रज्ञा त्यांच्या पायावर शाल टाकत होती. खिडकीतून ऊन वहीवर आलं होतं. सरांनी मान वर केली नाही. डावं बोट चौथ्या ओळीवर घट्ट ठेवलेलं, आणि डोकं जरा एका बाजूला कललेलं, मी पुढचा आकडा वाचायला घेतला की ते कलायचं तसं.